उजवीकडचा उजेड

१४ जून

ती. दादा,

साष्टांग नमस्कार. इकडे सगळे ठीक आहेत. तुम्ही दोघंही ठीक असणार हे मी वहिनीच्या बोलण्यावरून समजून घेते, कारण तुझ्या हातचा कागद येऊन पाच वर्षं झाली. ती सांगते की गुडघा कुरकुरतो, तरी रोज फिरायला जातोस आणि वाटेत भेटेल त्या पोराला गणित घालतोस. म्हणजे तब्येत उत्तम आहे.

फोनवर माझा आवाज आला की तू तो वहिनीच्या हातात देतोस, म्हणून हे पत्र. पत्र तू फाडणार नाहीस. मास्तर आहेस; हाती आलेला कागद शेवटपर्यंत तपासल्याशिवाय तुला चैन पडत नाही.

तर मुद्दा असा. यंदा आपल्या शाळेला चाळीस वर्षं होतात. समितीने पुस्तिका काढायचं ठरवलंय आणि शाळेचा इतिहास लिहायचं काम माझ्या गळ्यात पडलंय. पहिलं प्रकरण तू लिहावंस आणि समारंभाला अध्यक्ष म्हणून यावंस अशी सगळ्यांची इच्छा आहे. सगळ्यांत मी आले.

मला आठवतं तेवढं खाली लिहिते. चुकलं असेल तिथे लाल शाई वापर.

आधी ते गोदाम. तेलाची गिरणी बंद पडली होती आणि गोदाम रिकामं होतं. जमीन वर्षभर तेलकट राहिली. आमच्या वह्यांनाच काय, वेण्यांनाही तो वास लागायचा. वर्ग एकच, आठवीचा. सातवीपुढची शाळा नदीपलीकडे होती आणि मुलींना तिकडे कोणी पाठवत नसे. त्या मुलींमध्ये मी होते. तू चोविशीतला, नुकती पदवी घेतलेला. घरी येऊन सांगितलंस, ‘नोकरी शोधत नाही, शाळा काढतो.’ बाबांनी तुझ्याशी अबोला धरला आणि आठवड्याने स्वतःच गोदामाला चुना लावायला येऊन उभे राहिले.

मग दरवर्षी आम्ही एक इयत्ता वर सरकायचो आणि तू आमच्यापुढे एक नवा वर्ग उघडायचास. आमच्या तुकडीला वरचा वर्ग कधी दिसलाच नाही. कायम आम्हीच मोठे. आमची तुकडी अजून शिष्ट आहे असं लोक म्हणतात ते त्यामुळेच. आम्ही नववीत असताना खोल्यांचं बांधकाम सुरू झालं. पुढच्या वर्षी दहावीचा पहिला निकाल आला तेव्हा तू तो हातात घेऊन पायरीवर बसून राहिलास, कोणाशी बोलेनास. आम्हाला वाटलं, सगळे आपटलो. आम्ही रडायला लागलो तेव्हा कुठे तू मान वर करून म्हणालास, ‘अरे, सगळे पास आहात.’

पुढे प्रयोगशाळा आली, वाचनालय आलं, गिरणीच्या जागेवर मैदान झालं. ते सगळं मी लिहीनच. सुरुवात मात्र तुझ्या हातची हवी.

तू माझ्यावर का रागावला आहेस ते आपल्या दोघांनाही ठाऊक आहे. निवृत्त झाल्यावरही तू वर्षभर रोज येऊन मुख्याध्यापकांच्या खुर्चीत बसत होतास आणि मी समोरच्या स्टुलावर बसून शाळा चालवत होते. एके दिवशी म्हटलं, ‘दादा, ही खुर्ची आता मला लागते.’ ते मी पुन्हाही म्हणेन. पण त्यासाठी शाळेशीच उभा दावा कशाला?

बाकी विशेष काही नाही. सुट्टीत थोडी डागडुजी काढली होती. रंग, गिलावा वगैरे.

तुझी धाकटी


२ जुलै

ती. दादा,

कार्ड मिळालं. पाच वर्षांनी तीन ओळी, त्यांतही ना आशीर्वाद ना विचारपूस. ‘वर्गांतले फळे आहेत तिथेच राहतील. ते ठरवून लावलेले आहेत. तुझी डागडुजी मला कळते.’

म्हणजे वकिलाने तुझ्या कानावर घातलं. आमच्या तुकडीतला हा पठ्ठ्या. दुकान कापडाचं, पण भांडायची हौस अशी की ते नाव तूच त्याला ठेवलं होतंस. अजून सार्थ करतोय.

बरं, मग आता सरळच सांगते. मागच्या पत्रातला तो गिलावा वर्गांच्या मागच्या भिंतींवर झालाय. तिथे नवे फळे केले, चौथरे बांधले आणि बाकं उलटी फिरवली. ते पत्र लिहिलं तेव्हा तीन खोल्या झाल्या होत्या, आज पाच झाल्या आहेत. तुला आधी विचारलं नाही, कारण तू ‘नाही’ म्हणाला असतास, आणि मग मला तुझा शब्द मोडून तेच करावं लागलं असतं. त्यापेक्षा न विचारलेलं बरं वाटलं.

का केलं ते ऐक. मार्चमध्ये दहावीची परीक्षा होती. आपलं केंद्र नेहमीसारखं नदीपलीकडच्या मोठ्या शाळेत. एका पेपरला तिथून निरोप आला: तुमची मुलं शेजाऱ्याच्या पेपरात बघतात, दोघींना उठवलंय. मी हातातलं काम टाकून धावले. पर्यवेक्षक तरुण होता, नवा होता आणि भलताच तापला होता. म्हणाला, ‘बाई, एक-दोन नाहीत, तुमची अख्खी शाळा तशी बसते. अंग उजवीकडे वळवून, मान शेजारच्याच्या कागदावर. दहादा सांगितलं, सरळ होत नाहीत.’

मला हसूच येणार होतं. आपल्या मुलांना लोक तिरकेच म्हणतात. पोस्टात, दवाखान्यात, कुठेही कागद वाकडा ठेवून उजवीकडे वळून लिहिणारा दिसला की ओळखावं, हा आपला. आम्ही त्याचा अभिमान बाळगतो. वकील दुकानात बिलं तशीच फाडतो आणि नव्या गिऱ्हाइकाला आपण कुठल्या शाळेचे ते सांगतो.

पण त्या दिवशी मी दारात उभी राहिले आणि हसू गेलं. त्यांच्या वर्गात उजेड डावीकडून येत होता. खिडक्या डाव्या हाताला. आणि आपली पोरं सवयीने त्या खिडक्यांकडे पाठ करून, स्वतःच्याच अंगाच्या सावलीत डोळे ताणून लिहीत होती.

पेपर सुटल्यावर मी तिथल्या एका बाकावर बसले. पहिल्यांदाच मुद्दाम सरळ. पाय जुळवून, कागद सरळ ठेवून, माझं नाव लिहिलं. अक्षरांवर सावली नव्हती. माझा हात मला आडवा येत नव्हता. त्रेपन्न वर्षांची बाई मी, इतकी वर्षं मुलांना ‘पान नीट धर’ म्हणून ओरडत आले, आणि ती पान वाकडं का धरतात हे मला तोवर कळलं नव्हतं. आपल्या खोल्यांत खिडक्या उजवीकडे आहेत, दादा. उजव्या हाताने लिहिणाऱ्याचा हातच त्याच्या उजेडाच्या आड येतो. म्हणून खिडकीकडे तोंड करायचं, म्हणून तिरकं बसायचं. साधी गोष्ट. मधोमध एक दिवा आहे, पण तो असून नसल्यासारखा.

त्या दोघींना पेपर परत मिळाले, पण गेलेला वेळ गेला. त्यांतली एक त्या विषयात राहिली. 

तर फळे फिरणार. उरलेल्या खोल्याही या महिन्यात होतील. विज्ञानाचे सर काल सवयीने जुन्या फळ्याकडे गेले आणि मुलांच्या पाठींना निम्मा धडा शिकवून आले. हळूहळू जमेल.

पहिलं प्रकरण मात्र अजून हवंय.

तुझी धाकटी


२१ जुलै

ती. दादा,

चार पानं! दोन्ही बाजूंनी! तुला राग आला की तुझं अक्षर सुधारतं.

तू पत्राची नक्कल वकिलालाही पाठवलीस, हे मला समितीच्या बैठकीत कळलं. त्याने ते उभं राहून वाचून दाखवलं. त्यात होतं: तू लहानपणी डाव्या हाताने लिहायचास म्हणून मास्तरांनी तुझा तो हात बाकाला बांधून ठेवला होता. तेव्हाच तू ठरवलंस की आपण शाळा काढू आणि तिथे उजेड या हातासाठी येईल. म्हणून फळे तसे लावले, ते तुझं तत्त्व आहे. दोघांनी डोळे पुसले. वकिलाने तर माझ्याकडे असं पाहिलं की जणू मी देऊळच पाडायला निघाले आहे. सगळे म्हणाले, हेच पहिलं प्रकरण म्हणून छापा आणि फळे पहिल्यासारखे करा.

मी म्हटलं, दोन्ही होणार नाही.

दादा, हात बांधला होता हे खरं. आई सांगायची, मनगटावरचा वळ आठवडाभर गेला नव्हता आणि जेवतानाही तू तो हात बाहीत लपवायचास. त्या मास्तरांना मी पाहिलेलं नाही, तरी त्यांच्याबद्दल माझ्या मनात आजही राग आहे. आपल्या शाळेत डावखुऱ्या मुलाला कोणी कधी एक शब्द बोललं नाही, ते तुझ्यामुळे. हे मी पुस्तिकेत लिहीन, मोठ्या अक्षरात लिहीन.

पण फळ्यांची गोष्ट तशी नाही. त्या दिवशी मोजमापाच्या दोरीचं दुसरं टोक माझ्या हातात होतं, हे तू विसरलास.

पहिल्या खोलीच्या भिंती छातीपर्यंत आल्या होत्या, एका अंगाला खिडक्यांच्या जागा सोडून. मिस्त्रीने विचारलं, ‘सर, फळा कुठल्या अंगाला घेऊ?’ तू एका उलट्या घमेल्यावर बसलास. आधी एका भिंतीकडे तोंड करून मांडीवर फळीचा तुकडा ठेवलास आणि पेन्सिलीने लिहून पाहिलंस. नाक मुरडलंस. मग घमेलं फिरवून दुसऱ्या भिंतीकडे तोंड केलंस, पुन्हा लिहिलंस आणि खूश होऊन म्हणालास, ‘हे बरोबर. इकडून उजेड कसा झकास येतो बघा.’ मिस्त्री म्हणाला, ‘सर म्हणतात म्हणजे झालं.’ मीही मान डोलावली. तू डाव्या हाताने लिहीत होतास हे आम्हा दोघांच्याही लक्षात आलं नाही, कारण तू नेहमीच डाव्या हाताने लिहायचास. तुझ्याही लक्षात आलं नाही. पहिल्या खोलीचं बघून मिस्त्रीने बाकीच्या सगळ्या तशाच बांधल्या.

डावखुरा मास्तर, त्याच्या शब्दाबाहेर न जाणारा मिस्त्री आणि भावावर जीव टाकणारी बहीण. एवढे तिघं एका ठिकाणी जमल्यावर आणखी काय होणार होतं? त्यात लाज वाटण्यासारखं काही नाही. पण त्याला तत्त्व म्हणू नकोस. बांधलेला हात आणि फळे यांची गाठ तू गेल्या पंधरवड्यात मारली आहेस.

तुझं कारण खरं असतं तर मला फार आवडलं असतं. मी ते आनंदाने छापलं असतं. फळे मात्र तरीही फिरवले असते.

तू लिहितोस, फळे पूर्ववत झाल्याशिवाय शाळेची पायरी चढणार नाहीस. हे वाचून मी पत्राची घडी घातली. मग उठून शेवटच्या खोलीचं काम बघायला गेले. आता सगळ्या खोल्या झाल्या आहेत. जुने फळे भिंतींत तसेच आहेत, मी फोडलेले नाहीत. बाकं एका दुपारीत पुन्हा उलटी करता येतील. माझ्यानंतर कोणाला करायची तर करू दे. मी असेपर्यंत नाही.

वहिनीला सांग, गुडघ्याला शेक दे. तू स्वतः सांगणार नाहीस.

तुझी धाकटी


८ ऑगस्ट

ती. दादा,

तुझं उत्तर नाही. मी ते अपेक्षिलंही नव्हतं. तरी हे लिहिते आहे, आणि हे लिहायला मी दोन आठवडे टाळाटाळ केली. आधी वाटलं, तुला कळवूच नये. तुला आयतं कोलीत मिळेल.

नववीत एक मुलगी आहे, बेकरीवाल्यांची नात. अक्षर मोत्यासारखं; शाळेच्या दारातला सुविचार तीच लिहिते. मागचं पत्र टाकलं त्याच आठवड्यात ती माझ्या खोलीत आली, वही टेबलावर ठेवली आणि म्हणाली, ‘बाई, मला नीट दिसत नाही.’

मी म्हटलं, ‘डोळे तपासून घे, चष्मा लागला असेल.’

‘डोळे नाही हो बाई. पान काळं पडतं. आधी नव्हतं पडत.’ मग तिने पेन उचललं आणि लिहून दाखवलं. डाव्या हाताने.

ती तशी धीट आहे, तुझ्यासारखी. म्हणाली, ‘सगळ्यांचं चांगलं झालं, बाई. मग आमचंच का वाईट केलंत?’

त्या दिवशी मी प्रत्येक वर्गात जाऊन डावखुऱ्यांना हात वर करायला सांगितलं. कुठे दोन, कुठे तीन. एका वर्गात तर पाच. काही आता खिडकीकडे तोंड होईल इतकी डावीकडे वळून बसायला लागली आहेत, म्हणजे तिरकं बसणं गेलं नाही, फक्त मुलं बदलली. ही मुलं घरी, बाजारात, सगळीकडे चुकीच्या हाताची म्हणून बोलणी खातात. ती सरळ बसून लिहू शकत होती अशी एकच जागा होती, आपले वर्ग. ती त्यांच्याकडून मी घेतली. तुझ्या हातून त्यांचं भलं नकळत झालं होतं. मी त्यांचा विचारच केला नाही. तुझी चार पानं आली तेव्हा मी फक्त तू खोटं कुठे बोलतोस ते शोधत बसले. त्यांत ही मुलं होती, ती मला दिसली नाहीत. याचं मला फार वाईट वाटलं, दादा. रडलेसुद्धा. वकिलाला सांगू नकोस.

फळे मी परत फिरवणार नाही. तसं केलं तर पुन्हा बाकीची सगळी पोरं सावलीत जातील, आणि दर चाळीस वर्षांनी कोणाला सावलीत बसवायचं ते ठरवत राहायचं, याला शाळा म्हणत नाहीत. मी दुसरं काहीतरी करणार आहे आणि तेही तुला आवडणारं नाही. व्हरांड्याच्या बाजूची भिंत फोडून तिथे खिडक्या घेते आहे. हो, तीच भिंत. पोरं येणाऱ्या-जाणाऱ्यांकडे बघत बसतील म्हणून तू तिला दाराशिवाय साधं भोकही ठेवू दिलं नव्हतंस. बघू देत. दोन्हीकडून उजेड आला की कोणाचा हात कोणाच्या आड येणार नाही. मिस्त्रीच्या मुलाने भिंत पाहिली. वर तुळई घालून खिडकी घेता येईल, म्हणतो. समितीत वकील आधी विरोधात होता. मी बेकरीवाल्यांच्या नातीला बैठकीत आणून बसवलं आणि लिहायला लावलं. त्याने तिची वही उचलून पाहिली. दुसऱ्या दिवशी येऊन म्हणाला, ‘माझा धाकटाही डावखुराच आहे गं. आपल्या शाळेत त्याला कधी त्रास झाला नाही, म्हणून मला कधी कळलंच नाही.’

आता घोडं कुठे अडलंय ते सांगते. व्हरांड्याचं छप्पर खाली उतरलेलं आहे. खिडकी फार वर घेतली तर उजेड छपराला अडतो, फार खाली घेतली तर बाकापर्यंत पोचत नाही. आणि तो पुरतो की नाही हे डाव्या हाताने लिहिणाऱ्यालाच कळणार. मी डाव्या हाताने लिहून पाहिलं. अक्षरं अशी काही उमटली की ती बघून मिस्त्रीच्या मुलाने तोंड फिरवून हसू दाबलं. सावलीकडे लक्ष द्यायचं भानच राहिलं नाही. पोरांना विचारलं तर ती ‘हो बाई, छान आहे’ म्हणतात. मी विचारते आहे ना, म्हणून. तसं आपल्याकडे एकदा होऊन गेलंय.

मला असं कोणीतरी हवंय जे डावखुरं आहे, शाळेची प्रत्येक वीट ओळखतं आणि माझं चुकत असेल तर माझ्या तोंडावर सांगतं. असा माणूस मला एकच माहीत आहे.

म्हणून ये. अध्यक्ष म्हणून नको, हार-तुरे नंतर बघू. खुर्चीत मीच बसणार आहे, ते आधीच सांगते. तुला प्रत्येक वर्गात एकेक बाक मिळेल, पोरांच्या शेजारी. बसून लिही आणि सांग, खिडकी कुठे. पहिलं प्रकरण मीच लिहिलंय. त्यात लिहिलंय की फळे चुकून त्या भिंतीवर गेले, आणि त्या चुकीने अडतीस वर्षं काही मुलांना असा उजेड दिला जो त्यांना दुसरीकडे कुठेच मिळाला नसता. यांतलं एकही वाक्य मी गाळणार नाही. खिडक्यांचं वाक्य अजून लिहायचंय. त्यात तुझं नाव चुकून नव्हे, ठरवून यावं अशी माझी फार इच्छा आहे.

सोमवारी सकाळी पहिली भिंत फुटेल. तू आलास तर तू दाखवशील तिथे. नाही आलास तर मी अंदाजाने जागा धरीन, आणि ती चुकली तर माझ्यामागून कोणीतरी येऊन ती भिंत पुन्हा फोडेल. शाळा अशीच होत आली आहे, दादा.

वाट बघणारी, पण थांबून न राहणारी,
तुझी धाकटी